साप पाळण्यापूर्वी

भाच्याला साप पाळायचाय. वय वर्षं एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि गेले तीन महिने घरात दुसरा विषय नाही. ताईचा फोन आला, "तू समजाव त्याला, तुझंच ऐकतोय तो." पाठोपाठ त्याचाही आला. "मामा, लई शांत असतोय तो. चावत नाही, काय नाही. तू तरी नको म्हणू नकोस." (ताई, तू हे वाचणारच आहेस, म्हणून आधीच सांगतो. मी त्याला सरळ नको म्हटलेलं नाही. पूर्ण वाच, मग फोन कर.)

त्याचा पहिला बेत धामणीचा होता. शेतात दिसतेच की, आणायची आणि ठेवायची! तो बेत मी पाच मिनिटांत मोडला, कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. धामण असो, नाग असो, अजगर असो, आपल्याकडचा रानातला साप धरून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. मग त्यानं बॉल पायथन काढला. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो म्हणून हे नाव. बिनविषारी, चार-पाच फुटांच्या आसपास राहणारा, आणि जगभर साप पाळायला सुरुवात करणारे बरेच जण ह्याच्यापासूनच करतात.

त्याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्या भागात साप ठेवणं ही काही नवी गोष्ट नाही. कोल्हापूरपासून दीड तासाच्या आत असं एक गाव आहे जिथं पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घरात नाग ठेवला. तिथून सुरुवात करतो.

बत्तीस शिराळा. जिल्हा सांगली, पण कोल्हापूरकरांना ते आपलंच वाटतं. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे. पण गावाचं नाव सगळीकडे पोचलं ते नागपंचमीमुळे. दंतकथा अशी, की गोरखनाथ भिक्षेला महाजनांच्या दारी आले. नागपंचमी होती, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, तिला बाहेर यायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून शिराळ्यात मातीचा नाग गेला आणि खरा आला. कथा कधीची, ते सोडून द्या. चाल मात्र खरी होती आणि ती नीट बसवलेली होती. पंचमीच्या काही आठवडे आधी मंडळांची माणसं शेतं, बांध, ओढ्याकाठ पालथे घालायची. मिळालेला नाग मातीच्या मडक्यात ठेवायचा, तोंडाला कापड बांधायचं, मडकं घरात आणायचं. बेडूक, उंदीर खायला घालायचे. पंचमीला पूजा, मिरवणूक. आणि मग जिथून आणला तिथं नेऊन सोडायचा.

माझं आजोळ शिराळ्याचं, त्यामुळे ऐंशीच्या दशकात हे मी लहानपणी जवळून पाहिलंय. आमच्या थोरल्या मामांच्या मंडळाचं एक मडकं एका वर्षी आमच्या माजघरात होतं. चुंबळीवर ठेवलेलं, भिंतीला लागून, उजेडापासून लांब. आजीचे त्या दिवसांतले नियम कडक असायचे. त्या भिंतीकडे कांडण नाही, मुसळ परसात न्यायचं. पोरांनी त्या खोलीत उड्या मारायच्या नाहीत. मडक्याला हात लावायचा नाही, कापड वर करून बघायचं तर नाहीच नाही. "त्याला निवांत असू दे," एवढंच ती म्हणायची. आम्हाला वाटायचं देव आहे म्हणून एवढा मान. असेलही. पण सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीतून येणारा हादरा त्याला अंगभर कळतो, हे पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा मला ते परसात गेलेलं मुसळ आठवलं होतं.

आता त्या मडक्याकडे जरा नीट बघू, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्याच्याबद्दल. कच्चं-पक्कं भाजलेलं मातीचं भांडं. आतून अंधारं. पाझरतं, म्हणून गार आणि दमट. अंग भिंतीला टेकेल एवढं अरुंद. साप बिळात राहतो तेव्हा त्याला नेमकं हेच मिळत असतं. आजच्या साप पाळण्याच्या पुस्तकांत पहिल्याच प्रकरणात असतं, की पेटी कितीही मोठी घ्या, पण आत सापाला दडायला एक छोटी, अंधारी, अंगाला घट्ट बसेल अशी जागा हवीच, नाहीतर तो खाणं सोडतो. शिराळ्यातल्या कुणी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे हेच मडकं दूर तमिळनाडूतही आहे. तिथले इरुळा लोक परंपरेनं साप धरणारे. एक काळ ते कातड्याच्या व्यापारासाठी साप पकडायचे. १९७२ चा कायदा आला, १९७६ मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली, आणि त्यांचं पोटच गेलं. रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासचं सर्पोद्यान उभं केलं होतं. त्यांच्या मदतीनं १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था निघाली. कातड्याऐवजी विष. नाग, मण्यार, घोणस, फुरसं धरायचं, मडक्यात ठेवायचं, तीन-चार आठवड्यांत ठरावीक अंतरानं काही वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि रानात सोडून द्यायचं. खूण अशासाठी, की तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये. मुदत ठरलेली, आणि शेवट सोडण्यानं. शिराळ्यातही तसंच.

सगळ्यांनीच साप असा ठेवला नाही, हेही लिहायला हवं. पाटावर टोपली ठेवून पुंगी वाजवणारा गारुडी आम्ही सगळ्यांनीच पाहिलाय. त्याच्या टोपलीतल्या नागाचे दात बहुतेक वेळा काढलेले असत, कधी तोंड शिवलेलं. दूध पितो म्हणून दाखवायचा, तर आधी कित्येक दिवस पाणी न देता ठेवलेला; तहानेनं कासावीस झालेला प्राणी समोर येईल ते पितो. असा साप काही आठवड्यांत मरायचा आणि दुसरा धरला जायचा. गारुड्याच्या पोटापाण्याचा प्रश्न खरा होता, त्याला नावं ठेवून मी मोकळा होणार नाही. कायद्यानं टोपली काढून घेतली, हातात दुसरं काही दिलं नाही. इरुळांना जे मिळालं ते आपल्या गारुड्यांना मिळालं नाही.

आणि सरकारची तऱ्हा? इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी होती, की मारून आणली तर डोक्यामागे बक्षीस मिळे. १८६२ च्या डिसेंबरात बक्षीस वाढवलं तेव्हा आठवड्याभरात लाखाच्या वर फुरशी मारून हजर केली गेली. एवढं करून फुरसं कोकणातून काही गेलं नाही. पुढे त्याच सापांची गरज पडली ती औषधासाठी. फ्रान्सच्या काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास सर्पविषावरची लस तयार केली. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं, ही मूळ रीत आजही तीच आहे. मुंबईत परळला १८९९ मध्ये सुरू झालेल्या हाफकिन संस्थेनं पुढे हे काम केलं. तिथल्या डॉ. पी. जे. देवरसांचं भारतीय सापांवरचं पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं. जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतं, मिळालं तर जरूर बघा.

आता आमच्या जिल्ह्याचं सांगतो, कारण हे कोल्हापुरातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. चंदगड तालुक्यात ढोलगरवाडी नावाचं गाव आहे. पाऊस धो धो, आजूबाजूला जंगल, साप भरपूर, आणि दवाखाना लांब. तिथल्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर या शिक्षकांनी १९६० च्या दशकात पोरांना साप शिकवायला सुरुवात केली. साप शिकवायला! शेतकऱ्याची पोरं, साप दिसला की काठी शोधणारी. त्यांना हा विषारी, हा बिनविषारी, हा असा धरायचा, हा धरायचाच नाही, असं प्रत्यक्ष साप समोर ठेवून शिकवलं. नागपंचमीला तिथं पूजेच्या जागी प्रदर्शन आणि माहिती. शाळेची सर्पशाळा झाली, आणि लांबून लोक बघायला येऊ लागले. ह्या गृहस्थांविषयी वाचताना मला सारखं वाटत होतं, की आपल्याकडे पुतळे कुणाकुणाचे होतात!

पुण्याचे नीलिमकुमार खैरे जास्त प्रसिद्ध झाले. १९८० मध्ये काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास बसून त्यांनी विक्रम केला. त्यामागचा हेतू हाच, की डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांनी डोळ्यांनी बघावं. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान झालं ते त्यांच्याच खटपटीतून. सहलीच्या एसटीतून जाऊन ते न पाहिलेला माझ्या पिढीतला माणूस विरळा. पण खरं सांगू? सर्पमित्र हा शब्द घराघरांत गेला तो अशा माणसांमुळे, आणि नंतर गळ्यात नाग घालून फोटो काढणारी जी पोरं निघाली तीही त्याच शब्दाखाली. खैऱ्यांनी त्या खोलीत सापांना काही केलं नाही, म्हणून ते ७२ तास निभावले. फोटोवाल्यांनी नेमकं तेवढंच घेतलं नाही. भारतात सर्पदंशानं २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आमच्या सीपीआरमध्ये पावसाळ्यात साप चावलेला शेतकरी आणतात, तो ह्या आकड्यातला. साप पाळण्याच्या गप्पा मारताना मला तो विसरता येत नाही.

शिराळ्याचं पुढे काय झालं? गर्दी वाढत गेली. मंडळं वाढली, कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच अशा चढाओढी लागल्या, ट्रॅक्टरवरून मिरवणुका, कर्णे, ढोल. आजीनं मुसळ परसात नेलं होतं आणि इथं मडक्याशेजारी ढोल! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१० च्या दशकाच्या मध्यावर जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. गावाला ते फार लागलं. आमच्याकडचे काही जण अजून त्यावर तावातावानं बोलतात. २०२५ च्या पंचमीला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं पारंपरिक ज्ञान आणि शिक्षणासाठी म्हणून, वनखात्याच्या देखरेखीखाली मोजके नाग धरायची मर्यादित परवानगी दिली. माझं मत विचाराल तर न्यायालय बरोबर होतं आणि आजीही बरोबर होती. मिरवणूक वाढत गेली तेव्हा मडक्याचे नियम बाजूला पडले. (थोरले मामा हे वाचून माझ्याशी महिनाभर बोलणार नाहीत. चालेल.)

भाचा म्हणाला, "मामा, पण हे सगळं नागाचं. माझा पायथन आफ्रिकेचा, त्याचा आणि शिराळ्याचा काय संबंध?"

आफ्रिकेचंच घ्यायचं तर त्यातही कोल्हापूर मागे नाही! संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे. आपल्याकडचे संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून आणले गेले. प्रत्येक चित्त्याला चित्तेवान, म्हणजे त्या एकाच जनावरासाठी नेमलेली माणसं. डोळ्यांवर पट्टी बांधायची, गाडीतून न्यायचं, खाऊ घालायचं, रात्री जवळच निजायचं. चित्ते बंदिवासात सहसा वीत नसत, म्हणून पुन्हा पुन्हा आणावे लागत. हौस राजाची, पण जनावर सांभाळणं ही पगारी, पूर्ण वेळाची नोकरी होती. भाच्याच्या घरी चित्तेवान कोण? तो स्वतः दोन वर्षांनी पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाणार. मग कोण? ताई.

तर मी त्याला लिहून दिलं ते असं. साप नंतर, पेटी आधी. पेटी आणून ती महिनाभर रिकामी चालवायची. एका बाजूला ३१-३२ अंश, दुसऱ्या बाजूला २५-२६, आणि दोन्हीकडे दडायला एकेक जागा, म्हणजे ऊब हवी की लपायला जागा हवी, असा पेच त्याला पडू नये. ऊब देणाऱ्या पट्टीला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप पोटाखालून भाजतो आणि हलतही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते आणि जानेवारीच्या रात्री पारा चांगलाच उतरतो, तेव्हा काय करणार ते आधी ठरव. झाकणाला कुलूप. साप पळून जाण्यात पटाईत असतो. खाणं म्हणजे उंदीर, तेही मारून गोठवलेले, कारण जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो. ते ठेवायचे कुठं? ताईच्या फ्रीजमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी. आम्ही तांबडा-पांढरावाले असलो तरी ह्याला ताईची परवानगी त्यानंच काढायची, मी मध्ये पडणार नाही. :-) खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. कात टाकायच्या वेळी तर नाहीच. कधी कधी हा साप महिनोन्‌महिने जेवत नाही आणि नवखा माणूस घाबरून नको ते उपाय करतो, म्हणून साप बघणारा पशुवैद्य कोल्हापुरात कोण ते आधी गाठून ये, साप आल्यावर नको.

कागद हा वेगळा विषय. सगळे अजगर सायटीस ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे असे परदेशी प्राणी ज्याच्याकडे आहेत त्यानं परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, आणि पुढे पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला किंवा मेला तर तेही कळवायचं. बिल, नोंदणी, ज्याच्याकडून घेतला त्याचे कागद, हे नसेल तर स्वस्तात मिळाला म्हणून आणायचा नाही. तो कुठल्या जंगलातून, कुठल्या पिशवीतून आला असेल सांगता येत नाही.

एवढं वाचून तो म्हणाला, हे सगळं जमेल. मलाही वाटतं जमेल, पोरगा चिकाटीचा आहे. अडतं ते पुढच्या गोष्टीवर. शिराळ्याच्या मडक्याची मुदत पंचमीपर्यंत होती. इरुळांच्या मडक्याची तीन-चार आठवडे. त्या लोकांना साप ठेवायला जमलं ह्याचं अर्धं कारण ते होतं; उपास पडला, त्रास झाला, तरी थोड्या दिवसांत तो परत त्याच्या बांधावर. ह्या पायथनला बांधच नाही. पंचगंगेकाठी सोडला तर थंडीनं मरेल, नाहीतर मरणार नाही, आणि दुसरं जास्त वाईट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत लोकांनी सोडलेले आणि निसटलेले बर्मी अजगर असेच पसरले, २००० पर्यंत ते तिथं वीण करताहेत हे नक्की झालं, आणि तिथले ससे, रकून दिसेनासे झाले. २०१२ मध्ये त्या अजगरांच्या आयातीवर बंदी आली, पण तोवर ते तिथलेच झाले होते.

म्हणून माझी एकच अट आहे. पेटीच्याही आधी एका कागदावर नाव लिहून आण, तुझ्यानंतर हा साप कोण घेणार त्याचं, आणि त्या माणसाची सही. ताईचं नाव चालणार नाही.

त्यानं विचारलं, किती वर्षांसाठी? वीस ते तीस वर्षं तर सर्रास जगतो, मी सांगितलं. आणि अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीची गोष्टही सांगितली. १९६१ मध्ये कुणा एकानं घरी पाळलेली ती संग्रहालयाला देऊन टाकली. २०२० च्या जुलैत तिनं सात अंडी घातली. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढं असावं असा तिथल्या लोकांचा अंदाज होता, आणि त्याआधी निदान पंधरा वर्षं ती कुठल्या नराजवळ नव्हती.